वाक्यात चूक नेमकी कुठे? इंग्रजी व्याकरणावर वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं स्पर्धा परीक्षेतल्या ‘स्पॉटिंग एरर्स’बद्दल आहेत, काही ऑफिसच्या ईमेलबद्दल. सदराच्या पद्धतीप्रमाणे इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत.

प्रश्न : एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) पेपरात वाक्याचे तुकडे पाडून चूक कोणत्या तुकड्यात आहे ते विचारतात. मला वाचताना सगळेच तुकडे बरोबर वाटतात. तपासायचं कुठून सुरू करावं? – एक परीक्षार्थी, लातूर

कानाला काय बरं वाटतं यावर विसंबू नका. चुकीचं इंग्रजी आपण रोज इतकं ऐकतो की कान त्याला सरावलेला असतो. पेन्सिल क्रियापदावर ठेवा आणि तिथून मागे जात त्याचा कर्ता शोधा.

‘द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन दीज मार्केट्स हॅव गॉन डाउन.’ क्रियापद ‘हॅव गॉन’. काय घसरलं? क्वालिटी. ‘ऑफ’पासून ‘मार्केट्स’पर्यंतचा मजकूर त्या क्वालिटीचं नुसतं वर्णन आहे, त्यावर काट मारा. उरतं ‘द क्वालिटी हॅव गॉन डाउन’. आता चूक आपोआप दिसते : ‘हॅज’ हवं.

मराठीत ही चूक कुणी करत नाही. ‘या बाजारांतल्या आंब्यांची प्रत घसरली’ म्हणताना ‘प्रत’ अगदी क्रियापदाला चिकटून येते आणि आंबे-बाजार तिच्या आधी संपतात. इंग्रजीत रांग उलटी. मुख्य नाम सुरुवातीला येतं आणि क्रियापदाच्या शेजारी भलतंच अनेकवचनी नाम उभं राहतं. प्रश्न काढणारे हाच शेजार मुद्दाम वाढवतात. कर्ता आणि क्रियापद यांच्यात सात-आठ शब्द दिसले की सावध व्हा.

‘ॲज वेल ॲज’, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’, ‘इन ॲडिशन टु’ यांनी जोडलेलं नामही असंच काट मारून बाजूला ठेवायचं. ‘द कॅप्टन, अलाँग विथ हिज प्लेयर्स, वॉज फाइन्ड’ (दंड झाला) हे बरोबर, कारण कर्ता एकटा कॅप्टन. ‘नीदर... नॉर’ मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे क्रियापद जवळच्या नामाकडे बघतं : ‘नीदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स वेअर प्रेझेंट’. ‘वन ऑफ’नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी येतं : ‘वन ऑफ द विंडोज इज ब्रोकन’. पण ‘शी इज वन ऑफ दोज गर्ल्स हू नेव्हर गिव्ह अप’मध्ये ‘गिव्ह’च बरोबर. तिथे ‘हू’ मुलींच्या गटासाठी आलं आहे, ‘वन’साठी नाही. ‘वन ऑफ’ दिसलं की डोळे मिटून एकवचन लावणारे इथे हमखास अडकतात.

कर्ता-क्रियापद जुळलं की काळ दाखवणारा शब्द पाहा : ‘यस्टरडे’, ‘सिन्स’, ‘अगो’, ‘बाय नेक्स्ट मंथ’. क्रियापदाचा काळ त्याच्याशी जुळतो का? मग ठरलेल्या जोड्या : ‘नो सूनर’सोबत ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’सोबत ‘व्हेन’, ‘सुपीरियर’, ‘सीनियर’ आणि ‘प्रिफर’सोबत ‘टु’. यांत ‘नो सूनर डिड ही रीच होम व्हेन...’ हा जुना पण अजून चालणारा सापळा. त्यानंतर प्रिपोझिशन. आर्टिकल सगळ्यात शेवटी, कारण त्यात वेळ जातो आणि शंका वाढतात.

एवढं करून काही सापडलं नाही तर ‘नो एरर’वर खूण करा आणि पुढे चला. तो पर्याय शोभेचा नसतो. सीजीएलच्या, म्हणजे याच कमिशनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात. नसलेली चूक शोधत बसायला त्यात वाव नाही. बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला अर्धा गुण वजा, असा तिथला हिशोब आहे. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उत्तर जरूर द्या. असे चार प्रश्न घेतले आणि निम्मे चुकले तरी ४ मिळून १ जातो, ३ गुण पदरात पडतात.

प्रश्न : ‘आय ॲम लिव्हिंग इन सांगली सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात दोन चुका आहेत असं क्लासमध्ये सांगितलं. मला एकच कळली. दुसरी कोणती? – वाचक, सांगली

तुम्हाला कोणती कळली ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही घेऊ.

आपण ‘पाच वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘सोमवारपासून’ही म्हणतो. मराठीला एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि किती काळ लोटला ते सांगायचं तर ‘फॉर’. कॅलेंडरवर बोट ठेवून ‘इथून’ म्हणता येत असेल तर ‘सिन्स’ : सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स दिवाळी. मोजून सांगावं लागत असेल तर ‘फॉर’ : फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टेन मिनिट्स. ‘सिन्स लास्ट टू मंथ्स’ हे ऑफिसांतलं लाडकं वाक्य याच कारणाने चूक आहे. ‘फॉर द लास्ट टू मंथ्स’ लिहा.

दुसरी चूक काळाची. ‘मी पाच वर्षांपासून सांगलीत राहतोय’ यातलं ‘राहतोय’ मराठीत वर्तमानकाळ आहे, म्हणून आपण तडक ‘ॲम लिव्हिंग’ लिहितो. इंग्रजीत जे मागे सुरू झालं आणि आजवर चालू आहे त्याला परफेक्ट लागतो : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन सांगली फॉर फाइव्ह इयर्स’. ‘नो’ (माहीत असणं), ‘बिलाँग’, मालकी या अर्थाचं ‘हॅव’ अशी स्थिती दाखवणारी क्रियापदं ‘-इंग’ घेत नाहीत. तिथे ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड’ म्हणायचं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ही त्याच कारणाने चूक. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र चालतं, कारण जेवण ही चालू असलेली क्रिया आहे.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच होते. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे मराठीत खटकत नाही. त्यावरून लिहिलेलं ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ मात्र चूक. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१८ असा संपून गेलेला काळ वाक्यात असेल तर साधा भूतकाळच हवा : ‘आय सॉ हिम यस्टरडे’. ‘यस्टरडे’ काढून टाकलं तर ‘आय हॅव सीन हिम’ हे निर्दोष वाक्य आहे. म्हणूनच परीक्षेत चूक क्रियापदाच्या तुकड्यात आणि तिचा पुरावा शेवटच्या तुकड्यात ठेवलेला असतो. पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय खूण करू नका.

प्रश्न : मुलीने निबंधात ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट आउट’ लिहिलं. बाईंनी ‘बट’ खोडला. ‘जरी पाऊस पडत होता तरी आम्ही बाहेर गेलो’ यात ‘तरी’ लागतोच ना? – पालक, नाशिक

मराठीत लागतो. आपली वाक्यं जोडीने चालतात : जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजीत दोन उपवाक्यांना सांधायला एक शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज... सो’ आणि ‘ॲज... सो’ यांचंही तेच : ‘ॲज आय वॉज इल, सो आय स्टेड ॲट होम’ यातला ‘सो’ जादा आहे. ‘दो... येट’ ही जोडी मात्र जुन्या व्याकरणांनी मान्य केलेली आहे. ती दिसली म्हणून चूक धरू नका. ‘इफ... देन’ही चालतं, फक्त ‘देन’ बहुतेक वेळा गाळतात.

या जोड्यांमधली सगळ्यात खोडकर म्हणजे जोपर्यंत-तोपर्यंत, कारण ती आपल्यासोबत एक ‘नाही’ घेऊन येते. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ हे शुद्ध मराठी आहे. त्याचं ‘वेट अंटिल आय डोन्ट कम’ झालं की अर्थच बिघडतो. इंग्रजीत ‘वेट अंटिल आय कम’. ‘अनलेस’च्या पोटातही नकार आधीच आहे : ‘अनलेस यू डोन्ट पे द फी’ चूक, ‘अनलेस यू पे द फी’ बरोबर. ‘लेस्ट’नंतर ‘नॉट’ येत नाही, ‘शुड’ येतो : ‘वॉक केअरफुली लेस्ट यू शुड फॉल’.

जेव्हा-तेव्हाचा त्रास वेगळा आहे. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ यांच्या उपवाक्यात भविष्याबद्दल बोलतानाही वर्तमानकाळच राहतो : ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. आता हे वाक्य बघा : ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’. इथे ‘विल’ बरोबर आहे, कारण हा ‘व्हेन’ म्हणजे ‘जेव्हा’ नव्हे, ‘केव्हा’. मराठीत अर्थ लावून पाहिला की शंका राहत नाही. जेव्हा असेल तिथे ‘विल’ नको, केव्हा असेल तिथे चालेल.

त्या ‘केव्हा’च्या वाक्यात शब्दांचा क्रमही सांभाळा. ‘आय डोन्ट नो व्हेन विल ही कम’ किंवा ‘टेल मी व्हेअर डज ही लिव्ह’ यांत थेट प्रश्नाची रचना आत शिरली आहे. मोठ्या वाक्याच्या पोटातला प्रश्न साध्या विधानासारखा मांडतात : ‘टेल मी व्हेअर ही लिव्ह्ज’.

प्रश्न : ‘ॲन एमएलए’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, हे उलटं कसं? एम हे तर व्यंजन आहे आणि यू स्वर! – विद्यार्थिनी, कुडाळ

‘अ’ की ‘ॲन’ हे लिपीतल्या अक्षरावर ठरत नाही, पुढच्या शब्दाच्या पहिल्या उच्चारावर ठरतं. तुमच्याकडे यावर फार सोपी युक्ती आहे, जी इंग्रज मुलांना मिळत नाही. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. एमएलए, एफआयआर, एक्स-रे, एचएससी, आयएएस, अवर, ऑनेस्ट : सगळ्यांची सुरुवात स्वराने, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन, युनिफॉर्म, यूपीएससी यांच्या सुरुवातीला ‘य’ आहे. ‘वन-रुपी कॉइन’च्या सुरुवातीला ‘व’ आहे. म्हणून ‘अ’. एसटी बसला ‘ॲन एसटी बस’ म्हणायचं. फक्त ‘येसटी’, ‘येमेले’ असा उच्चार करायची सवय असेल तर युक्ती फसेल!

‘द’ कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे असं एका फटक्यात सुटत नाही. त्यावर पुढच्या एखाद्या अंकात लिहू.

प्रश्न : ऑफिसमध्ये ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं की साहेब ‘अबाउट’ काढतात. पण ‘डिस्कशन अबाउट’ मात्र चालवतात. असं का? – वाचक, हिंजवडी

साहेब बरोबर आहेत. ‘डिस्कस’ या क्रियापदाला थेट कर्म लागतं : ‘लेट अस डिस्कस द बजेट’. ‘डिस्कशन’ हे नाम आहे आणि नामाला थेट कर्म घेता येत नाही, म्हणून मध्ये ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ हवं. हाच न्याय आणखी काही शब्दांना लागू आहे. ‘आय रिक्वेस्टेड अ ट्रान्स्फर’, पण ‘माय रिक्वेस्ट फॉर अ ट्रान्स्फर’. ‘वुई ऑर्डर्ड टू लॅपटॉप्स’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर टू लॅपटॉप्स’. ‘ही एम्फसाइज्ड द डेडलाइन’, पण ‘एम्फसिस ऑन द डेडलाइन’. मराठीतून विचार करताना ‘बजेटविषयी’, ‘मुदतीवर’ यातला विषयी आणि वर आपण इमानदारीने उतरवतो, तिथे गडबड होते.

त्याच वाटेने ‘माझ्यावर रागावला’चं ‘अँग्री ऑन मी’ होतं (हवं ‘विथ मी’), ‘तिच्याशी लग्न’चं ‘मॅरीड विथ’ (हवं ‘मॅरीड टु’), ‘गणितात हुशार’चं ‘गुड इन मॅथ्स’ (परीक्षेत ‘गुड ॲट’ धरतात), आणि ‘मला समजावून सांग’चं ‘एक्सप्लेन मी’ (हवं ‘एक्सप्लेन इट टु मी’). उलट ‘कोप अप विथ’, ‘रिटर्न बॅक’ आणि ‘कम्प्राइजेस ऑफ’ यांत एकेक शब्द फुकटचा आहे. ‘लुक फॉरवर्ड टु’ यातला ‘टु’ प्रिपोझिशन आहे, त्यामुळे पुढे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ येतं. ‘विथ अ व्ह्यू टु’ आणि ‘युज्ड टु’ म्हणजे सवय असणं, यांचंही तेच.

प्रश्न : टीव्हीवरचे इंग्रज समालोचक ‘इंडिया हॅव वन द टॉस’ म्हणतात. एवढे मोठे लोक चुकतात? – क्रिकेटप्रेमी, ठाणे

चुकत नाहीत. ब्रिटिश इंग्रजीत संघ म्हणजे त्यातले खेळाडू असं धरून अनेकवचन लावायची रीत आहे. ‘टीम’, ‘गव्हर्नमेंट’, ‘स्टाफ’, ‘फॅमिली’ यांनाही ते चालतं. अमेरिकन लोक एकवचन लावतात. देश म्हणून भारताबद्दल बोलताना मात्र दोन्हीकडे ‘इंडिया हॅज’. ‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ यांना नेहमीच अनेकवचन : ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’. परीक्षेत समूहवाचक नामाला सहसा एकवचनी क्रियापद अपेक्षित असतं. ‘द ज्युरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’सारखं वाक्य दिसलं तर सदस्यांत फूट आहे हे ओळखा. तिथे अनेकवचन बरोबर.

प्रश्न : ‘इन्फर्मेशन्स’, ‘ॲडव्हायसेस’, ‘फर्निचर्स’ यांपैकी कोणतं चालतं? – वाचक, अकोला

एकही नाही. ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘सीनरी’, ‘मशिनरी’, ‘होमवर्क’ हेही याच यादीत. मोजायचं असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘माहिती’चं अनेकवचन आपणही करत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ लवकर पटतं. घोटाळा सल्ले आणि बातम्या यांचा होतो, कारण मराठीत ते मोजता येतात. ‘न्यूज’ दिसायला अनेकवचनी आहे, पण ‘द न्यूज इज गुड’ हेच खरं.

प्रश्न : ‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’, ‘डू द नीडफुल’, ‘मायसेल्फ अमुक’. यांतलं काय टाकावं? – नव्याने नोकरीला लागलेली वाचक, कोल्हापूर

‘मायसेल्फ अमुक’ आधी टाका, ती व्याकरणाची चूक आहे. ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ म्हणा. ‘प्रीपोन’ हा भारतीय इंग्रजीतला नीट घडवलेला, कामाचा शब्द आहे. इंग्रजी शब्दकोशांत त्याची नोंदही आहे. भारतातल्या सहकाऱ्याला बिनधास्त लिहा, परदेशी ग्राहकाला ‘मूव्ह द मीटिंग अप टु मंडे’ लिहा. ‘डू द नीडफुल’ चूक नाही, पण नेमकं काय करायचं ते त्यात सांगितलेलं नसतं. ‘प्लीज साइन पेज थ्री अँड सेंड इट बॅक बाय फ्रायडे’ लिहिलं तर काम होतं. ‘कझिन ब्रदर’मधला ‘ब्रदर’ परीक्षेत जादा ठरतो. मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ असा भेद करणाऱ्यांना नुसतं ‘कझिन’ अपुरं वाटणारच, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ‘द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन पुणे’ यात काय चुकलं? – वाचक, सोलापूर

हवेची तुलना हवेशी व्हायला हवी, इथे ती शहराशी झाली आहे. ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ म्हणा. अनेकवचनी नाम असेल तर ‘दोज ऑफ’. ‘महाबळेश्वरची हवा पुण्यापेक्षा थंड’ हे मराठीत सरळ चालतं, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही. तुलनेतच दुसरा सापळा : ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्रा’. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई स्वतः महाराष्ट्रातच आहे, म्हणजे ते स्वतःपेक्षाही उंच ठरतं! ‘एनी अदर पीक’ हवं. पण ‘अनमुडी इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्रा’ यात ‘अदर’ नको. २,६९५ मीटरचं अनमुडी केरळात आहे, इथल्या शिखरांच्या गटात ते नाहीच.

प्रश्न : मोबाइलवरचं ग्रामर ॲप वापरतो. त्याने हिरवी खूण दिली की वाक्य बिनचूक समजायचं का? – वाचक, जळगाव

‘डिड नॉट वेंट’, ‘मोअर बेटर’, ‘ही डोन्ट’ अशा चुका ॲप सहसा पकडतं. जिथे दोन्ही रचना व्याकरणात बसतात आणि अर्थ मात्र फिरतो तिथे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. ‘ही स्टॉप्ड टु स्मोक’ म्हणजे विडी ओढायला थांबला, ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे विडी सोडली. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते ॲपला कुठून कळणार?

तसंच वाक्याच्या सुरुवातीचं लोंबकळणारं ‘-इंग’. ‘रस्त्याने चालताना त्याला कुत्रा चावला’ हे मराठीत ठीक आहे, कारण ‘चालताना’चा कर्ता आणि ‘चावला’चा कर्ता वेगळा असला तरी आपल्याला खपतं. ‘वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम’ या इंग्रजी वाक्यात मात्र रस्त्याने चालणारा कुत्राच होतो. ‘-इंग’ने सुरू होणारा तुकडा स्वल्पविरामानंतर येणाऱ्या कर्त्याला चिकटतो. ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम’ असं लिहा. ‘बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड’ यातही बँक म्हणजे सुट्टी असा अर्थ होतो. तिथे फक्त सुरुवातीला ‘इट’ लावायचा : ‘इट बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड’.